घरचे यंत्र : लग्नाची सीडी पुन्हा पडद्यावर



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मोटर जळाली, स्टार्टर उचलत नाही, फवारणीच्या पंपाची बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारींची असतात. गेल्या पंधरवड्यात मात्र एका भगिनीचे निराळेच पत्र आले. त्या लिहितात, "१९९६ साली थोरल्या भावाचे लग्न झाले. त्याची कॅसेट आहे. वडील त्यानंतर दोनच वर्षांनी गेले. हिंडता-फिरता, बोलता बाप कुठे बघायचा असेल तर तो तेवढ्या कॅसेटमध्येच आहे. पुढे २००७ साली भावाने तिच्या तीन सीडी करून घेतल्या. आता कॅसेट लावायचे यंत्र राहिले नाही आणि सीडीचेही बिघडले. पुतण्याने सीडीतले सारे पेनड्राइव्हवर घेतले, पण टीव्ही म्हणतो, ही फाइल चालत नाही. मोबाइलवर चालते, पण आईच्या डोळ्यांना मोबाइल दिसत नाही. ती म्हणते, माणसे मुंग्यांएवढी दिसतात. एवढ्यासाठी नवा टीव्ही घ्यावा काय?"

ताई, नवा टीव्ही घेऊ नका. आहे त्याच टीव्हीवर आईंना वडील दिसतील. कसे, ते आज सांगतो. असा डबा घरोघरी फडताळात पडून आहे, म्हणून बाकीच्यांनीही हे वाचून ठेवावे.

टीव्ही नाही का म्हणतो?

व्हिडिओची फाइल म्हणजे पोते आणि आतले चित्र-आवाज म्हणजे धान्य, असे समजा. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी-४, एव्हीआय, डॅट अशी जी अक्षरे असतात, ते पोत्याचे नाव. आत चित्र कोणत्या रीतीने दाबून भरले आहे, ते धान्य. साध्या टीव्हीच्या कारखान्यात त्याला चार-दोन पोती आणि चार-दोन धान्ये ओळखायला शिकवलेली असतात. पाचवे पुढे आले की तो हात जोडतो. फाइल खराब झालेली नसते, टीव्हीला ती ओळखता येत नाही इतकेच.

आपल्या जुन्या लग्नाच्या सीडीत चित्रपट डॅट नावाच्या पोत्यात असतो. एका सीडीवर साधारण ७४ मिनिटे मावत, म्हणून तीन तासांच्या कॅसेटच्या तीन सीडी झाल्या. पुतण्याने त्या फाइली जशाच्या तशा उचलल्या, यात त्याची काही चूक नाही. मोबाइलमध्ये सर्व धान्ये ओळखणारे ॲप आहे, टीव्हीत नाही, एवढाच फरक.

छोटी पेटी काय करते?

इथे टीव्ही बॉक्स कामाला येतो. तळहाताएवढी पेटी असते. हा एक लहानसा संगणकच आहे. त्याची एक वायर टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत, दुसरी विजेच्या प्लगात. रिमोट वेगळा येतो. लोक तो नेटवरचे सिनेमे आणि मालिका पाहायला घेतात, पण त्यात व्हीएलसी नावाचे फुकट ॲप घातले की घरचे कोणतेही जुने चित्रीकरण तो दाखवतो. व्हीएलसीचा जन्म पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या हातून झाला, आणि २००१ सालापासून ते सर्वांना मोफत खुले आहे. आपली डॅट फाइल ते बिनतक्रार चालवते.

मात्र पेटी घेण्याआधी टीव्ही नीट पाहा. तो अँड्रॉइडचा किंवा गुगल टीव्ही प्रकारातला असेल तर हेच ॲप थेट टीव्हीतच बसते, मग पेटीला एक रुपयाही घालू नका. तसा नसेल तरच बाजारात जा. नामांकित कंपनीची पेटी साधारण अडीच ते पाच हजारांत येते, सणासुदीला भाव उतरतो.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, स्टिक की पेटी. स्टिक ही टीव्हीच्या मागे खोचायची कांडी. ती स्वस्त पडते, पण तिला बहुधा पेनड्राइव्हची खाच नसते. मग वेगळी जोडवायर घ्या, ती चालते की नाही ते बघा, असा व्याप होतो. आपले सारे सामान पेनड्राइव्हवर आहे, तेव्हा यूएसबी खाच असलेली पेटीच घ्यावी.

दुसरी, व्हीएलसी मिळते का, हे दुकानदाराला विचारून, शक्य तर तिथेच घालून पाहावे. अलीकडे काही नव्या स्टिक अँड्रॉइडवर चालत नाहीत आणि अँड्रॉइडची ॲप घेत नाहीत. डब्यावरचे नाव ओळखीचे म्हणून गाफील राहू नका.

तिसरी, टीव्हीला एचडीएमआय खाच आहे का. जुन्या फुगीर टीव्हीला नसते, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनाच असतात. त्यासाठी एचडीएमआयचे एव्ही करणारी काडेपेटीएवढी डबी काहीशे रुपयांत मिळते. मागताना शब्द नीट वापरा, कारण उलट्या कामाचीही डबी मिळते आणि दिसायला दोन्ही सारख्याच असतात. जुन्या टीव्हीवर जुनी कॅसेट उलट बरी दिसते, हा अनुभव आहे. सीडीतले चित्र मुळातच लहान, मोठ्या नव्या पडद्यावर ते ताणून फिके होते.

चौथी, पेटीबरोबर आलेलाच ॲडॅप्टर प्लगात लावावा. बरेच जण टीव्हीच्या यूएसबी खाचेतूनच पेटीला वीज देतात. ती पुष्कळदा अपुरी पडते. मग ऐन सप्तपदीच्या वेळी पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दोष सीडीवर जातो.

नावगाव नसलेली पेटी घरात आणू नये

आठवडी बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत हजार-बाराशेला पेटी मिळते. "सर्व सिनेमे, सर्व चॅनेल कायमचे फुकट" असे तिच्यावर लिहिलेले असते. वाचकांनो, ही पेटी घेऊ नका. सिनेमा चोरीचा असतो हे एक झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा कित्येक पेट्यांत कारखान्यातूनच चोर बसवून पाठवलेला आढळला आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला. त्या टोळीच्या जाळ्याला बॅडबॉक्स असे नाव पडले आहे. पुढच्याच महिन्यात गुगल कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, त्यात अशा उपकरणांची संख्या एक कोटीच्या वर सांगितली आहे.

अशी पेटी आपल्या वाय-फायवर बसली की दूरचा भामटा आपल्या जोडणीतून आपले उद्योग करतो. विहीर आपली, मोटर दुसऱ्याची, अशातला प्रकार. उद्या त्या जोडणीवरून कोणाला गंडा घातला गेला, तर माग काढणारे आपल्या दाराशी येतील. शिवाय ज्या वाय-फायवर ही पेटी, त्याच वाय-फायवर आपला बँकेचा मोबाइल.

ओळखायची खूण सोपी आहे. पेटी सुरू करताना "प्ले प्रोटेक्ट बंद करा" असे सांगितले, किंवा गुगलच्या प्ले स्टोअरऐवजी भलत्याच दुकानातून ॲप घ्यायला लावले, तर ती पेटी परत करावी. परत घेत नसतील तर पैसे गेले समजा, पण घरच्या वाय-फायला ती जोडू नका.

नेट लागत नाही, डेटा जात नाही

पुष्कळांचा समज असा की पेटी आली म्हणजे महिन्याला नेटचा खर्च आला. पेटी पहिल्यांदा सुरू करताना आणि व्हीएलसी उतरवून घेताना नेट लागते. ते काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते. त्यानंतर पेनड्राइव्ह लावून पाहायला नेट लागतच नाही. घरचा माल घरातच.

घरात राउटर असेल तर आणखी एक सोय आहे. संगणकातले फोल्डर घरच्या वाय-फायवर खुले केले की माजघरातल्या टीव्हीवर व्हीएलसीमधून ते दिसते. हा माल राउटरपासून टीव्हीपर्यंतच फिरतो, नेटच्या हिशोबात धरला जात नाही. वाय-फाय फार जोरदार हवे असेही नाही. सीडीतल्या चित्राला सेकंदाला दीड मेगाबिटसुद्धा लागत नाही. आजच्या मोबाइलवर काढलेल्या फोर-के चित्रीकरणाला मात्र पन्नासच्या आसपास लागतात, म्हणून ते जाड भिंतीआड अडखळते. तेवढे पेनड्राइव्हवरूनच पाहावे.

ज्यांच्याकडे बराच साठा आहे, म्हणजे दोन-तीन लग्ने, बारशी, दिंडी, सप्ताह, शिवाय हजारो फोटो, त्यांनी जुना लॅपटॉप कोठार म्हणून राखून ठेवावा. त्यात जेलीफिन नावाची फुकट प्रणाली घातली की सारा साठा टीव्हीवर चित्रांसह मांडलेला दिसतो. २०१८ च्या डिसेंबरात हे काम सुरू झाले, आणि जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. ती बसवताना साठ्याचा प्रकार "घरचे व्हिडिओ आणि फोटो" असा निवडावा. "चित्रपट" निवडलात तर ती आपल्या वहिनीच्या लग्नाला नेटवरच्या भलत्याच सिनेमाचे नाव नि पोस्टर चिकटवते.

कोठाराचे आणखी एक ध्यानात ठेवा. पेटीला जे धान्य पचते ते लॅपटॉप जसेच्या तसे देतो, त्याला श्रम पडत नाहीत. पचत नसेल तर तो दळून देतो, आणि जुन्या लॅपटॉपला हे दळण झेपत नाही. तो तापतो, चित्र थांबत थांबत चालते. म्हणून फाइली आधीच एमपी-४ पोत्यात, एच-२६४ या रीतीने करून ठेवाव्यात. हँडब्रेक नावाचे फुकट साधन हे काम रात्रभरात करून ठेवते. मात्र मूळ फाइल पुसू नये.

माझी चूक, तुम्ही करू नका

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही, पण कोणाचे नुकसान टळावे म्हणून सांगतो.

आमचे वडील सप्ताहात पखवाज वाजवीत. त्यांच्या साथीची दोन वर्षांची ध्वनिफीत मी शहरातून पेनड्राइव्हवर करून आणली होती. पेटी घेतली त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह तिला लावला. पडद्यावर प्रश्न आला. हा पेनड्राइव्ह काढता-घालता येणारा म्हणून वापरायचा, की पेटीचाच साठा म्हणून? प्रश्न इंग्रजीत होता. मी रिमोट नातवाच्या हाती दिलेला. त्याने वरचे बटण दाबले. दोन मिनिटांत पेनड्राइव्ह कोरा झाला. पेटीचाच साठा करायचा म्हटल्यावर पेटी आधी सारे पुसून टाकते. तशी सूचना पडद्यावर आली होती, आम्ही वाचली नाही.

एका वर्षाची फीत अजून शाबूत होती, ती पुन्हा करून घेतली. दुसऱ्या वर्षाची शहरातल्या यंत्रातच गुरफटून तुटली होती. ती गेली ती गेली. पोराला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण एकच प्रत घेऊन मी पेटीपुढे बसलो होतो.

तेव्हा पेनड्राइव्ह लावल्यावर असा प्रश्न आला तर "रिमूव्हेबल" हा शब्द असलेला पर्यायच निवडावा. "डिव्हाइस स्टोरेज" आणि "फॉरमॅट" हे दोन शब्द दिसले की हात थांबवावा. आणि पेटीला नेहमी नक्कल लावावी, मूळ कधीच नाही.

एकाच कणगीत बियाणे ठेवू नये

घरचे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही. तोच नियम इथे. तीन प्रती कराव्यात. एक टीव्हीपाशी पेनड्राइव्हवर. एक हार्ड डिस्कवर, कपाटात. तिसरी गावाबाहेर, लेकीच्या सासरी किंवा शहरातल्या मुलाकडे. घरात पाणी शिरले, वीज कोसळली, उंदरांनी डबा फोडला, तरी तिसरी राहते.

खर्चाचे म्हणाल तर तीन सीडी मिळून दोन जीबीच्या आसपास होतात, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्या सुखाने मावतात. मोबाइलवरचे नवे चित्रीकरण मात्र जागा खाते. साध्या फुल एचडीला मिनिटामागे साधारण १३० एमबी, फोर-केला साधारण ३५० एमबी. त्यासाठी हार्ड डिस्कच हवी. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे असे समजावे. त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅट पद्धतीत बसते, मात्र आपली पेटी एक्सफॅट वाचते का, ते आधी कोऱ्या पेनड्राइव्हवर पाहून घ्यावे. हार्ड डिस्क पेटीला लावल्यावर टक-टक आवाज करून बंद पडत असेल तर तिला वीज पुरत नाही. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालावा.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे नुसता ठेवून देऊ नये, त्यातले हळूहळू विरते. दर दिवाळीला झाडलोट करताना तिन्ही प्रती एकदा लावून पाहाव्यात.

फाइलींना नावे देताना आधी साल, मग महिना, मग दिवस लिहावा आणि पुढे प्रसंग. म्हणजे "१९९६-०५-१२ दादाचे लग्न भाग १". अशाने पडद्यावर सारे आपोआप क्रमाने लागते. नातेवाइकांकडून फाइल मागवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून मागवू नका, त्यात चित्र दाबले जाऊन खराब होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, दोन जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी येते.

कॅसेट आणि सीडीची अवस्था

ज्यांच्याकडे अजून फक्त कॅसेट आहे त्यांनी उशीर करू नये. असे यंत्र बनवणारा जगातला शेवटचा कारखाना २०१६ च्या जुलैत बंद झाला. जी यंत्रे आहेत ती जुनीच, आणि दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. कॅसेटच्या काचेतून पाहा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका, फीत फाटते आणि यंत्रातून बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. जाणकार स्टुडिओवाल्याकडे न्या, आणि काम देतानाच सांगा की सीडी नको, फाइल हवी, आणि मूळ कॅसेट परत हवी.

सीडी पुसताना गोल-गोल पुसू नये. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे. लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर यूएसबीने जोडायचे यंत्र मिळते. एका यंत्रात सीडी अडकली तर दुसऱ्यात घालून पाहावी, पुष्कळदा दुसरे यंत्र वाचते.

फक्त लग्नेच जपावीत असेही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि कित्येकींचा आवाज फितीवर घेतला गेला. त्या आज जगाला ऐकायला मिळतात. आपल्या घरातही एखादी आजी असेल. तिच्या ओव्या मोबाइलवर भरून घ्या. व्हीएलसी नुसता आवाजही वाजवते, आणि टीव्हीच्या आवाजात तो साऱ्या घराला ऐकू येतो.

ताईंना शेवटचे

ताई, तुमच्या आईंसमोर ही सीडी लागेल त्या दिवशी घाई ठेवू नका. लाइट जाण्याची वेळ टाळा, नाहीतर टीव्ही आणि पेटी इन्व्हर्टरवर घ्या. व्हीएलसीत रिमोटचे मधले बटण दाबले की चित्र थांबते. वडील दिसले की थांबवा आणि आईंना पोटभर बघू द्या.

आणि एक काम करा. शेजारी वही-पेन घेऊन बसा. त्या मांडवात कोण कोण होते, हे आज फक्त तुमच्या आईंना ठाऊक आहे. फेटा बांधलेला तो म्हातारा कोण, पंगतीत वाढणाऱ्या त्या बायका कोणाच्या कोण, हे त्यांना विचारा आणि कितव्या मिनिटाला कोण दिसते ते लिहून ठेवा. जमल्यास त्या सांगत असताना मोबाइलवर त्यांचा आवाजही घ्या, आणि ती फाइल त्याच पेनड्राइव्हवर लग्नाच्या शेजारी ठेवा. चित्र पेटीने मिळते, नावे आईंकडूनच मिळतील. तेव्हा हे काम पुढच्या सुगीवर टाकू नका.

कोणाची पेटी अडली, फाइल चालली नाही, तर टीव्हीचा प्रकार आणि पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा लिहून पाठवावा. उत्तर या सदरातूनच देऊ. पुढील अंकी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी केव्हा आणि कोणते घालावे, याविषयी.